राखीव डबा

१

डब्यात काहीच सापडलं नाही, आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

पहिल्या डब्यात सापडलं होतं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आप्पासाहेबांची अन्नतपासणीची प्रयोगशाळा होती. तिथं सुकेशनीनं एका कंपनीची बाळदुधाची पावडर तपासली होती. साधी पावडर नव्हे, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, ओंजळीत मावतील अशा बाळांसाठीची खास. तिचा नियम कडक असतो. दहा-दहा ग्रॅमचे तीस भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळा उबवायचा, आणि तो एक ठरावीक जंतू तिसांतल्या एकाही भागात दिसता कामा नये. मोठ्या माणसाला ज्याचा त्रासही होत नाही असा हा जंतू तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. सुकेशनीच्या काचेच्या बशांवर त्याचे निळसर हिरवे ठिपके उमटले होते. तिनं अहवालात लिहिलं, ‘आढळला’.

कंपनीनं हरकत घेतली. अशा वेळेसाठी त्याच बॅचचा दुसरा डबा कापडात शिवून, लाखेची मोहर लावून कपाटात ठेवलेला असतो. त्याला राखीव डबा म्हणतात. दसरा झाल्यावर पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या, मोहर शाबूत असल्याचं सगळ्यांनी पाहिलं, आणि त्या डबा घेऊन गेल्या. आज त्यांचा अहवाल आला होता. ‘आढळला नाही’.

“राग मानू नका मॅडम,” गोकुळ म्हणाला. तो कंपनीचा गुणवत्ता अधिकारी. समोरच्या चहाला त्यानं हात लावला नव्हता. “एकाच बॅचचे दोन डबे. तुमच्या मुलीला जंतू सापडतो, पुण्याच्या बाईंना सापडत नाही. मग तो आला कुठून? तुमच्याकडं टँकरचं पाणी. कुठल्या विहिरीतलं न् कुठल्या डबक्यातलं, देव जाणे.”

“ती माझी मुलगी नाही,” आप्पासाहेबांची लेक राजनंदिनी म्हणाली. “इथं नोकरीला आहे.”

“तेच म्हणायचं होतं मला. उद्या दुपारी गाड्या निघतात. खेड्यापाड्यांत दुष्काळानं आयांच्या अंगावरचं दूध आटलंय. दवाखान्यांतले बाळांचे वॉर्ड माल मागतायत. थांबवायचा असेल तर उद्या सकाळपर्यंत माझ्या हातात काहीतरी द्या. नाहीतर चूक तुमच्या प्रयोगशाळेची होती असं लिहून द्या. मग ती सही करणारी बाई घरी बसेल, एवढंच.”

“आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

गोकुळ उठला. “माझ्या सहीनं माल सुटतो मॅडम. माझ्या वाटण्यानं थांबत नाही.”

तो गेल्यावर राजनंदिनी आप्पांच्या खुर्चीकडं बघत बसली. तीत बसायचा धीर तिला अजून झाला नव्हता. श्रावणात आप्पा गेले. उस्मानपुऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत सुरू केलेली ही प्रयोगशाळा आता तिची आणि आईची. तिचा स्वतःचा धंदा वेगळा होता. विमा कंपन्यांसाठी ती जळिताची पाहणी करी. आग कुठून लागली, कशी पसरली, खरी की लावलेली, हे राखेवरून वाचायचं. मागं वैजापूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी आतून धुमसल्या की बाहेरून पेटल्या, हे तिनं नुसत्या राखेच्या रंगावरून सांगितलं होतं. मोठ्या कौतुकानं घरी येऊन आप्पांना सांगितलं, तर ते “बरं” म्हणाले आणि पेपर वाचत राहिले.

सुकेशनीशी मात्र ते तासन् तास बोलत. त्यांचं पेन सुकेशनीकडं. त्यांची बशी उजेडाकडं तिरकी धरून बघायची लकब सुकेशनीत. आणि ते गेले त्या दिवशी त्यांच्या फोनमधला शेवटचा नंबर सुकेशनीचा. तो राजनंदिनीनं बघितला होता. एकदा नव्हे, पुष्कळदा.

‘आढळला नाही’ हे शब्द वाचताना प्रयोगशाळेची काळजी तिच्या मनात दुसऱ्यांदा आली. पहिल्यांदा आला तो आनंद.

२

“मी बोलायला नको ताई,” रामेश्वरकाका म्हणाले, आणि बोलायला बसले.

पत्र्याच्या खोलीपासून ते आप्पांबरोबर होते. कपाळाला गंध, खिशात रुमालात बांधलेली सुपारी, आणि आप्पांवर देवासारखी भक्ती. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा त्यांनीच करायची, ही रीतही तेव्हापासूनची. शेतकऱ्यानं औतं पुजावीत तशी ते ओव्हन, इनक्युबेटर, वजनकाटे पुजत. यंदा बाजारात झेंडू सोन्याच्या भावानं होता. काकांनी खुलताबादच्या आपल्या वावरात अंघोळीचं पाणी घालून चार रोपं जगवली आणि नायलॉनच्या दोऱ्यात स्वतः माळा ओवल्या. वर्षाच्या आत सण नाही म्हणून राजनंदिनी आणि आई पूजेला गेल्या नाहीत. तर नवमीच्या सकाळी काका घरी आले, आप्पांच्या कपाटाची किल्ली मागायला. “सरांची पितळी मोहर पूजेत नको का, ताई? ते असते तर पहिली तीच ठेवली असती.” बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला आले तेव्हा किल्ली परत केली. आईनं सोनं हातात घेतलं नाही. काकांनी ते आप्पांच्या फोटोपुढं ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

“नवमीला पूजा झाली की यंत्रांना विसावा,” काका सांगत होते. “दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत हात लावायचा नाही. सगळे घरी गेले. मीही खुलताबादला गेलो. पण सुकेशनी दुपारी आली. एकटी. इनक्युबेटरवरची माळ काढून टेबलावर ठेवली आणि दार उघडून बसली. तिला नसेल देवाचं, पण सरांचं तरी काही?”

“आप्पा तिला काही म्हणायचे नाहीत का?”

“सर?” काका हसले. त्या हसण्यात काहीतरी आंबलेलं होतं. “सर तिला काय म्हणणार! मी बशी दाखवली की म्हणायचे, ‘ठेव तिथं रामेश्वर, बघतो.’ आणि तिनं दाखवली की उभे राहायचे. खुर्चीतून उभे, ताई. ह्या डोळ्यांनी बघितलंय.”

राजनंदिनीनंही बघितलं होतं. माणूस दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो तेव्हा आपली जागाही ठणकते, तसं तिला झालं. काका तिला एकदम फार जवळचे वाटले.

“पैशाचं काही असेल का काका? आधी ‘आढळला’ लिहायचं, मग कंपनीशी बोलणं झालं की राखीव डब्यात काही सापडणार नाही अशी सोय करायची?”

काका दचकल्यासारखे झाले. मग मान खाली घालून म्हणाले, “मी कसं सांगू? नवमीला इथं ती एकटीच होती, एवढं मला ठाऊक.”

३

सुकेशनी बशा धुऊन पालथ्या घालत होती. टँकर दोन दिवसांनी यायचा होता, म्हणून एकाच घमेल्यातल्या पाण्यात पहिली धुवण चालली होती. ती थांबली नाही.

“नवमीला आले होते. उबवलेल्या बशा ज्या वेळेला बघायच्या त्याच वेळेला बघाव्या लागतात. त्यांना सण कळत नाही. माळ काढली, टेबलावर ठेवली. दरवर्षी काढते.”

“दरवर्षी?”

“सरच म्हणायचे, माळेखाली हवेची झडप झाकते, काढत जा. ओव्हनची तर आधी काढायला सांगायचे. तिथून गरम हवा येते, फूल पेटायचं.” ती राजनंदिनीकडं वळली. “दसऱ्याला आम्ही सगळे लेण्यांकडं जातो ताई, पांढरे कपडे घालून. तुमच्या पूजेत मी नसते, हे सरांनी कधी मोजलं नाही. आता मोजतायत.”

“डब्याचं बोल. कंपनी म्हणते, जंतू टँकरच्या पाण्यातून आले.”

“मग माझ्या कोऱ्या तपासणीत का नाही आले? प्रत्येक खेपेला मी एक भाग पावडर न घालता उबवते. तेच पाणी, तीच भांडी, तीच मी. त्यात काही उगवलं नाही. पाणी खराब असतं तर तिथंही उगवलं असतं.”

हे उत्तर सरळ होतं. राजनंदिनीला सरळ उत्तराचाही राग आला.

“पुण्याचा अहवाल नीट वाचलात?” सुकेशनीनं हात पुसले. “नुसता आमचा जंतू नाही असं नाही. बाकीचेही नाहीत. दुधाची पावडर कधी इतकी चोख नसते. नियमात बसणारे, निरुपद्रवी असे थोडे जंतू तिच्यात असतातच. ह्या डब्यात उरलेत ते फक्त टणक कवचाचे, जे भाजले तरी मरत नाहीत. आणि उरलेला डबा परत आलाय, वास घ्या.”

तिनं झाकण काढलं. राजनंदिनीनं नाक जवळ नेलं. खवा भाजताना कढईच्या कडेला येतो तसा मंद, खरपूस वास. पावडरीचा रंगही पांढरा नव्हता, सायीच्या पिवळ्याच्या पुढं गेलेला. जळिताच्या धंद्यात नाक हेच पहिलं हत्यार. तिला खोटं बोलायची सोय राहिली नाही.

“हा डबा तापवलाय,” ती म्हणाली.

“बंद असतानाच. बराच वेळ.”

“आणि नवमीला इथं तू एकटी होतीस.”

सुकेशनीनं तिच्याकडं टक लावून बघितलं. “दुपारी मी ओव्हनच्या शेजारी उभी होते. गार होता. पण हे मी सांगून काय उपयोग? तुम्हाला दोषी मीच असायला हवीय, ताई. सर गेल्यापासून.”

डबा उचलून राजनंदिनी बाहेर पडली, आणि मागून सुकेशनीचा आवाज आला, तितकाच थंड.

“कपाटाची किल्ली माझ्याकडं कधीच नव्हती. हेही लिहून घ्या.”

४

केसरबाई प्रयोगशाळा झाडायची, पुसायची, आणि जगाची बित्तंबातमी ठेवायची. राजनंदिनी तिला विचारायला गेली ते सुकेशनीबद्दल. अजूनही तिला तेच हवं होतं.

“सुकेशनीबाय ना? तिचं काय?” केसरबाई पायरीवर बसून तंबाखू मळत होती. “बोलायला फटकळ हाय, पर हात लई सवच्छ. रामेश्वरदादांला नाय खपत. सवतीवानी वागतेत दोगं. मालक एक, हितं बायका दोन!” ती स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली, मग जीभ चावली. “मालकाचं नाव घेऊन आसं बोलू नये. माफी करा.”

“नवमीच्या पूजेचं सांग. माळा कुणी काढल्या?”

“म्याच की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी, समद्यांच्या आदी येऊन. निर्माल्य उचलायचं काम माजं. पर एक सांगू का? ती उबवायच्या पेटीवरची माळ कुणीतरी आदीच काडून टेबलावर ठिवली व्हती, नीट, वेटोळं करून. आन् त्या भट्टीवरची…”

“ओव्हनवरची?”

“व्हय, तीच. हात लावला आन् भुगा झाला हातात. बाकीच्या माळा म्हाताऱ्या बाईवानी मलूल झाल्या व्हत्या, पर मऊ. ही आपली पापडावानी. म्या म्हनलं, ह्या साली फुलांलाबी दुस्काळ.”

राजनंदिनी पायरीवर तिच्या शेजारीच बसली. “निर्माल्य टाकलंस कुठं?”

“टाकती कुटं? नदीत पानी हाय का? हर्सूलच्या तळ्याला भेगा पडल्यात, त्येच्यात का देवाची फुलं टाकू? टोपल्यात ठिवलंय मागं. पैठनला कोन जाईल तवा दीन.”

मागच्या खोलीत, रिकाम्या कॅनच्या आड ती टोपली होती. राजनंदिनीनं माळा एकेक करून बाहेर काढल्या. सगळ्यांच्या तळाशी ती होती. तपकिरी, कडक, पाकळ्या सुट्या झालेल्या. बाकी माळांचा दोरा सरळ होता. हिचा एका बाजूला आखडून, वितळून, मण्यासारख्या गाठी झाल्या होत्या.

नायलॉन उन्हानं वितळत नाही. माळ ओव्हनवर असताना ओव्हन चालू होता, तोही थोडा वेळ नव्हे.

तिनं माळ नाकाशी धरली. मग ती हळूच खाली ठेवली. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, आणि ती तिला मुळीच आवडली नव्हती.

५

त्या दोन दिवसांत दोन यंत्रं वापरली गेली. एकावरची माळ काढली होती, एकावरची नाही.

सुकेशनी माळ काढते. दरवर्षी काढते, सांगून काढते, आणि ओव्हनवरची तर आधी. फूल पेटेल हे तिला पक्कं ठाऊक. गुन्हा लपवायला आलेल्या सुकेशनीनं ती माळ पहिल्यांदा उतरवली असती, काम झाल्यावर परत चढवली असती, आणि केसरबाईला मऊ झेंडू मिळाला असता. जिनं ओव्हन पेटवला असं राजनंदिनी धरून चालली होती, तिचा त्या माळेशी काही संबंधच लागत नव्हता.

मग माळ तशीच ठेवून, तिच्याखालून ओव्हन चालवणारं माणूस कोण? ज्याला डबा भाजायचं भय वाटलं नाही, पण पूजेतलं फूल हलवायचं वाटलं.

राजनंदिनीनं परत आलेलं कापड आणि लाखेचे तुकडे टेबलावर पसरले. आप्पांचं भिंग घेतलं. डबा तापवायचा तर कापड काढणं भाग, नाहीतर लाख वितळून वाहिली असती. म्हणजे कापड नव्यानं शिवलेलं, लाख नव्यानं लावलेली. मोहर मात्र खरीच होती. आप्पांच्या नावाची अक्षरं स्पष्ट उमटली होती, आणि अक्षरांच्या खाचांत काहीतरी बारीक, पिवळं अडकलं होतं.

तिनं टाचणीच्या टोकानं ते कागदावर घेतलं. हात धुवायच्या साबणाचा ओला बोळा त्यावर टेकवला. पिवळं लालभडक झालं. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे कळायला कुणाला प्रयोगशाळा लागत नाही.

कपाट उघडून तिनं इतर राखीव नमुने काढले. ह्या डब्याच्या आगेमागे, गणपतीच्या आधी बंद केलेले. एकाच्याही लाखेत पिवळं काही नव्हतं. म्हणजे ह्या डब्यावर मोहर उठली ती मोहरेला हळदीकुंकू लागल्यानंतर. दसऱ्याच्या सकाळी, पूजा हलवल्यावर.

आणि मोहर, डबा, दोन्ही ज्या कपाटात, त्याची किल्ली आप्पा गेल्यापासून राजनंदिनीच्या पर्समध्ये होती. फक्त एकदा ती तिच्या हातून गेली होती. तिनंच दिली होती. देताना काकांच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिला बरंही वाटलं होतं, की आप्पांसाठी रडणारं सुकेशनीखेरीज कुणीतरी आहे.

६

दिवस कलताना तिनं रामेश्वरकाकांना आप्पांच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. पुण्याचा अहवाल, लाख, हळद, कशाचाही विषय काढला नाही. यंदाच्या झेंडूचं कौतुक केलं, वावराची चौकशी केली. विहिरीनं तळ गाठला होता. वावराच्या बांधापर्यंत प्लॉटवाले खुणा रोवून गेले होते. काका बोलत राहिले, सैल झाले.

मग तिनं बशीतला चहा संपवत, सहज विचारावं तसं विचारलं, “काका, ओव्हनवरची माळ का नाही काढली?”

“पूजा हलवायच्या आधी माळ कशी काढणार, ताई?”

कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. बाहेर कुठल्यातरी नव्या इमारतीवर काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं. काकांनी कप खाली ठेवला.

राजनंदिनीनं टेबलाच्या खणातून ती करपलेली माळ काढून मधोमध ठेवली. चार पाकळ्या जमिनीवर सांडल्या. काकांनी आधी पाय मागं घेतले, मग वाकून त्या पाकळ्या वेचल्या आणि मुठीत धरल्या.

“संध्याकाळी परत आलो,” ते म्हणाले. “ओव्हनला हात जोडले. म्हटलं, विसाव्याच्या दिवशी राबवतोय, माफ कर. मोहर मात्र दुसऱ्या दिवशी पूजा हलवल्यावरच उचलली. तेवढं मी पाळलं.”

“तेवढं पाळलंत.”

“तिची एक चूक निघायला हवी होती ताई. एकच. सरांच्या मागं सही कुणाची, तर तिची. तेही सरच ठरवून गेले. माझे केस ह्या यंत्रांच्या वाफेत पांढरे झाले. आजारी असताना सरांना भेटायला गेलो, तर पहिलं काय विचारावं? ‘सुकेशनीच्या बशा कशा आल्या?’ रामेश्वर कसा आहेस, हे नाही. माणसानं किती दिवस ‘ठेव तिथं’ ऐकायचं?”

“आणि पावडर? गाड्या उद्या निघतात.”

“कंपनी स्वतः तपासते की. तिथं अडेल, असं वाटलं.”

“वाटलं?”

काका मुठीतल्या पाकळ्या चाळवू लागले.

“मूठभर वजनाची बाळं आहेत काका. आप्पा तुम्हाला नाही म्हणाले कधी, ह्या एका तपासणीत ‘वाटलं’ हा शब्द वापरायचा नाही म्हणून?”

“म्हणायचे.” त्यांनी डोळे वर केले. त्यांत अचानक एक धार आली. “पण तुम्ही तरी मला कुठं विचारलंत, ताई? नवमीला यंत्रं पुजतात, मोहर कधी पुजली होती का आजवर? तुम्ही त्यांची मुलगी. तुम्हाला ठाऊक होतं. तरी किल्ली काढून दिलीत. मी तिच्याविरुद्ध काही बोलावं, हे तुम्हालाही हवंच होतं.”

हे खरं होतं. आप्पांच्या हयातीत मोहर कधी कपाटाबाहेर पूजेला आली नव्हती. राजनंदिनी लहानपणापासून ती पूजा बघत आली होती.

तिनं गोकुळचा नंबर लावला, आणि फोन काकांच्या हातात दिला.

“तुम्ही सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.”

काकांनी फोन कानाशी धरला. दुसऱ्या हाताच्या मुठीत अजून पाकळ्या होत्या. “गोकुळसाहेब,” ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. तापमान, वेळ, कापड, लाख. एखादी तपासणी सांगावी तसं, पहिल्यापासून, काही न गाळता.

७

गाड्या निघाल्या नाहीत. गोकुळनं वरच्यांशी भांडून नवे डबे काढायला लावले, आणि ह्या खेपेला ते दोन वेगळ्या प्रयोगशाळांत गेले. पुण्याच्या बाईंच्या बशांवर जेव्हा निळसर हिरवे ठिपके उमटले, तेव्हा त्यांनी फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

फोटो सुकेशनीला दाखवायला राजनंदिनी स्वतः गेली. सुकेशनीनं फोन हातात घेतला, आणि सवयीनं उजेडाकडं तिरका धरला. तो हात बघून राजनंदिनीची तीच जुनी कळ पुन्हा उठली. खरं काय ते कळलं म्हणून कळ जात नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी आप्पांचा शेवटचा फोन तुला होता. काय म्हणाले?”

“टँकर आला का विचारलं. बशा धुवायला पाणी पुरेल का म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच.”

इतके महिने राजनंदिनीनं त्या फोनमध्ये काय काय ऐकलं होतं! आशीर्वाद, निरोप, तिच्याबद्दलची एखादी तक्रार. निघाला तो टँकर. तिला हसू आलं.

सुकेशनी दुसरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “खरं सांगू ताई? मला तुमचा लई राग यायचा. वैजापूरच्या त्या जिनिंगची गोष्ट ह्या खोलीत किती वेळा झाली असेल! नवा माणूस आला की सर सुरू. ‘माझ्या नंदूनं नुसत्या राखेच्या रंगावरून सांगितलं.’ आम्ही बशी घेऊन उभे, आणि सर राखेत. माझ्या बशीवर ते खुर्चीतून उठायचे, व्हय. पण तुमच्या राखेवर त्यांचे डोळे भरायचे.”

राजनंदिनीनं पर्समधून कपाटाची किल्ली काढली आणि सुकेशनीपुढं धरली. ती सोडायला तिच्या बोटांनी जरा उशीर केला. सुकेशनीनं तो उशीर बघितला, पण घाई केली नाही.

कपाट उघडल्यावर सुकेशनीनं पितळी मोहर बाहेर काढली. खाचांतली पिवळी पूड बघून तिनं कपाळाला आठी घातली आणि ब्रशकडं हात नेला.

“राहू दे,” राजनंदिनी म्हणाली, आणि पहिल्यांदाच आप्पांच्या खुर्चीत बसली. “पुसू नकोस. पुरावा आहे तो.”